सोलून बघितलेला जोड

पक्कड फिरवली आणि पत्रा सुटला. सुटला म्हणजे नुसताच सुटला. जोर लावावा लागला नाही, टक्क आवाज झाला नाही. पोळीचा पापुद्रा निघावा तसा वरचा तुकडा खालच्यापासून वेगळा होऊन प्रियदर्शनीच्या हातात आला, आणि टेबलाला बसवलेल्या व्हाइसपुढं ती तशीच उभी राहिली. कारखान्यात आल्यावर रोज हेच तिचं पहिलं काम. कपाटाच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून स्पॉट मारायच्या मशीनवर जोडून घ्यायच्या, एक व्हाइसमध्ये आवळायची, दुसरी पकडीनं धरून सोलायची. मशीनच्या तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबले जातात, क्षणभर करंट जातो, आणि दोन पत्र्यांच्या मधोमध, जिथं कुणाची नजर पोचत नाही तिथं, मसुरीच्या डाळीएवढं लोखंड वितळून एक होतं. झालं की नाही ते वरून कळत नाही. वरून गोल डाग दिसतो, चांगल्याचाही आणि वाईटाचाही. कळायचा रस्ता एकच, तोडून बघणं. जोड पक्का असेल तर सोलताना जोड सुटत नाही, भोवतीचा पत्रा फाटतो. एका पट्टीला भोक पडतं आणि तिचा तेवढा तुकडा गुंडीसारखा दुसरीला धरून राहतो. फाटलं तर पास, सुटलं तर नापास, असं ती नव्या पोरींना सांगायची आणि पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. आज भोक नव्हतं, गुंडी नव्हती. दोन्ही पट्ट्यांवर दोन निळसर डाग होते, एकमेकांची कधी ओळखच नव्हती असे. तिनं एकावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. आणि तिला एकदम काल दुपारचं अंगण दिसलं, कुंभार पिंपळगावचं, आणि आपल्या कडेवरून सासूच्या कडेवर जाणारी अक्षता. तीही अशीच गेली होती. आवाज न करता.

रडण्याची तर तिनं केवढी तयारी केली होती. आठवडाभर ती दुसरं काही करतच नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बेबीनंदा मावशी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि अक्षताला सांभाळायला नव्या जालन्यात कुणी उरलं नाही, नवरा, कल्याण, बियाण्यांच्या प्लॉटवर आठवडा आठवडा वाटूरकडंच, तेव्हा संक्रांतीपर्यंत पोरीला गावी ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं ते तिला आता आठवत नव्हतं. सासूबाई, उषाबाई, फोनवर म्हणाल्या होत्या, "रडू दे की, लेकरू हाय. दोन रोज रडंल, मंग लागंल नादी." म्हणून तिनं स्वतःची वापरलेली ओढणी न धुता पिशवीत घातली होती, वासासाठी. पोरगी रडायला लागली की घराच्या मागं तुरीच्या काडाशी जाऊन उभं राहायचं, तिला दिसायचं नाही, असंही ठरवलं होतं. आपल्याला तिथं उभं राहून काय काय ऐकू येईल, तेसुद्धा तिनं बसमध्ये बसल्या बसल्या आधीच ऐकून घेतलं होतं. आणि मग उषाबाईंनी हात पसरले, "ये गं माझी चिमणे," आणि अक्षता वाकली. चालायला लागून महिना झालेली, दूध अजून न सुटलेली पोरगी. मंगळसूत्र मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. तिनं मूठ उघडली आणि गेली. तिकडं कडेवर बसून शेळीच्या करडाकडं बोट दाखवून काहीतरी म्हणालीसुद्धा. मागं वळली नाही. "काय गुणाचं लेकरू गं बाई, आईला बिलकुल तरास न्हाई दिला," असं शेजारची साळूबाई म्हणाली, आणि प्रियदर्शनीही हसली. बसमध्ये घनसावंगीपर्यंत तिला हलकं हलकं वाटत होतं. अंबड आलं आणि छाती भरायला लागली.

आताही ती भरत होती. सकाळी दूध पिळून टाकलं होतं, मोरीत, पाणी सोडून, बघायचं नाही असं ठरवून. तरी या वेळेला शरीर आपलं आपण मोजून पुन्हा तयार. अ‍ॅप्रनच्या आत ओल पसरत गेल्याचं तिला कळलं. तिनं हातातल्या पट्ट्या छातीशी धरल्या, झाकायला, आणि पत्रा थंडगार लागला. थंडीचे दिवस, शेडमध्ये अजून ऊन आलेलं नव्हतं.

"काय झालं मॅडम? नापास का काय आम्ही?" मशीनवरून दैवशालानं विचारलं. ती स्पॉट मारायची; पायडलवर पाय आणि तोंडात कायम बडीशेप. वयानं प्रियदर्शनीपेक्षा बरीच मोठी, पण मॅडम म्हणायची, आणि मॅडम या शब्दाला किंचित चिमटा काढल्यासारखं म्हणायची.

"करंट कमी केला का तुम्ही?"

"मी काहून करू? काकानं सांगितलं. शनिवारी तुम्ही जल्दी गेल्ता ना, तवा गिऱ्हाईक आल्तं. लग्नाची कपाटं." दैवशालानं पायडलवरचा पाय काढला. "तुम्ही इंजिनेर माणूस, तुम्हाला न्हाई कळायचं. लग्नाचं कपाट घ्यायला पुरुष आला तर भाव इचारतो. बाई आली की दारावरून हात फिरवती. असा, पालथा. हाताला खड्डा लागला की संपलं. त्या दिवशी एक म्हातारी आल्ती नवरीकडची. म्हणती, ह्याला देवी आल्यात का? आन् गेली की निघून! मंग काका म्हणले, डाग पडायला नको." तिनं शेजारचं दार तिरपं करून उजेडाकडं धरलं. "बघा की आता. किती साफ आलंय. लेकराच्या गालावानी."

प्रियदर्शनीनं हात फिरवला नाही.

नरहरकाका केबिनमध्ये चहा बशीत ओतत होते. कारखाना त्यांचा, जालन्यातच जन्म गेलेला, वडील वकील होते आणि हे पत्र्यात पडले, असं ते स्वतःच सगळ्यांना हसून सांगत. तिनं दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "अहो, पण दार काय कुणी असं सोलणार आहे का? तुम्हीच मागं म्हणाला होता ना, बाजूनं ओढलं तर हेच जोड केवढं ओझं सोसतात म्हणून?" म्हणाली होती. खरंच होतं ते. पत्र्याला पत्रा समांतर ओढला तर कच्चा जोडसुद्धा पुष्कळ टिकतो. सगळे मिळून भार वाटून घेतात. कडेकडून उचललं की मात्र एकेकावर येतं, आधी एक, मग दुसरा. तिला कल्याण आठवला. ती दोघं लग्नापासून बाजूनंच ओढली जात होती, तो तिकडं, ती इकडं, आणि टिकलं होतं, काही झालं नव्हतं, फोनवर हसायचीसुद्धा. कडेकडून कुणी उचलून बघितलं नव्हतं एवढंच. "बिजागरीपाशी सोललंच जातं काका," ती म्हणाली. "दार उघडायला ओढतात, दर वेळी तिथं थोडं सोललं जातं. लगेच नाही कळणार. पोरीच्या घरी गेल्यावर, वर्षा दोन वर्षांनी दार हातात येईल." काकांनी बशी खाली ठेवली. लग्नाचं कपाट, आणि दार हातात, हे त्यांना कुठंतरी लागलं असावं. "बरं. वाढवा करंट. डाग पडतील तिथं पुट्टी भरा, घासा. आणि शनिवारची उभी आहेत ती?" ती म्हणाली, "मधे मधे नवे स्पॉट मारू." काका म्हणाले, "मारा. पण तुमचा चेहरा का असा उतरलाय? बरं नाही का?" ती म्हणाली, "पोरीला गावी ठेवून आले काल." "रडली असेल." "नाही," ती म्हणाली. "नाही रडली." "अरे वा," काका म्हणाले. "छान."

शनिवारची कपाटं भिंतीला पाठ लावून उभी होती, रंग न दिलेली, करडी. तिनं खडू घेतला आणि दारांवर आतल्या बाजूनं खुणा करायला बसली. नवा स्पॉट जुन्याच्या फार जवळ मारून चालत नाही. करंट सोपी वाट धरतो, जुन्या जोडातून निसटून जातो आणि नवा भुकेलाच राहतो. जुना कच्चा असला तरी हेच. म्हणून चार बोटं सोडून खूण करायची. ती चार बोटं ठेवत गेली, खूण, चार बोटं, खूण. आणि मनात कुठून तरी स्वतःच्या पाठवणीचा मांडव आला. त्यातही ती रडली नव्हती. डिप्लोमा झालेली, नोकरी असलेली मुलगी, काय रडायचं. कुंभार पिंपळगाव म्हणजे काही परदेश नव्हे. मैत्रिणी काजळ पुसत होत्या आणि ती त्यांनाच हसत होती. बायका आपसांत म्हणाल्या, पोरगी रडली न्हाई गं. कौतुकानं म्हणाल्या की कशानं, तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. आईनं गाडीच्या खिडकीतून हात आत घालून तिची हनुवटी धरली होती आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिचा चेहरा निरखून बघितला होता, काहीतरी शोधल्यासारखा, मग म्हणाली होती, "जा, नीट राह्य." अक्षता पोटात असताना आई गेली. तो चेहरा तिच्या डोक्यात असाच राहिला होता, अर्थ नसलेला, फोटोत एखादी बाई डोळे मिटलेली यावी तसा. आता खडू हातात धरून तिला कळलं, आई काय शोधत होती. आपल्याला वाटलं होतं आपण आईला त्रास दिला नाही. तिला सांगावंसं वाटलं, आई, अगं ते वरून कळत नसतं, मी आत कुठं... पण सांगायला कोण होतं. दैवशाला शेजारी उभी होती. "मॅडम, हितं पाच बोटं झाली," ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडाकडं बघून स्वतः खाली बसली, खडू तिच्या हातातून काढून घेतला आणि पुढच्या खुणा करायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "दूध आल्तं का दाटून? छातीवर कोबीची पानं ठिवा. माझं थोरलं असंच टाकून मी शेतात गेल्ती."

लगनसराई सुरू झाली होती. दोन रविवार कामावर गेले. रोज संध्याकाळी ती खोलीवर येऊन चप्पल काढायच्या आधी व्हिडिओ कॉल लावायची. उषाबाईंना फोन धरता यायचा नाही. आधी त्यांचा कान दिसे, मग पत्र्याचं छत, मग एकदम अक्षताचं कपाळ. "बघ, कोण हाय? मम्मी हाय. म्हण, मम्मी." अक्षता पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चौकोनाकडं बघायची आणि त्यालाच पापा द्यायची. एकदा ती स्पष्ट, गोड, सगळा जोर लावून म्हणाली, "आज्जी." उषाबाईंना काय आनंद झाला. "ऐकलं का? सकाळधरनं म्हणून राह्यली. कुणी शिकवलं बी न्हाई." प्रियदर्शनी म्हणाली, "ऐकलं आत्या." फोन बंद झाल्यावर ती पलंगावर बसून राहिली. गादीला अजून त्या लहान डोक्याचा वास होता. रोज थोडा कमी, आणि रोज ती तो तपासून बघायची, आणि तपासूनच तो संपवत होती. एका सकाळी आंघोळ करताना तिच्या लक्षात आलं की छाती मऊ आहे. दुखत नाही, भरत नाही. केव्हापासून, ते आठवेना. पाणी वाहत राहिलं आणि ती हात तसाच छातीवर ठेवून उभी राहिली. इतक्या गुपचूप.

त्या दिवशी तिनं दैवशालाला विचारलं. दैवशालाची जाऊ कारखान्यापासून जवळच राहायची, दोन पोरं सांभाळायची. तिसरी घ्यायला तयार होती. मग कल्याणला फोन केला. "संक्रांतीपर्यंत ठरलंय ना?" तो म्हणाला. मागं ट्रॅक्टर चालू होता. "आई किती खुश हाय. कामून घोळ घालती?"

"ती विसरून राह्यलीय मला."

"लेकरू हाय, इसरंल, पुन्हा आठवंल."

"आणि मी नाही आठवले तर?"

ट्रॅक्टर बंद झाला. मग कल्याण म्हणाला, "मला पण दोन दिवस झाले तिनं बघितलं न्हाई फोनमधी." एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज तिला इतका जवळून आला की तिनं डोळे मिटून घेतले. "आण मंग," तो म्हणाला. "आईला मी सांगतो." पण तो सांगणार नाही हे तिला माहीत होतं.

रविवारी ती उतरली तेव्हा अंगणात हरभरा सोलत बायका बसल्या होत्या. अक्षता त्यांच्यामध्ये, अंगात उषाबाईंनी विणलेला मोरपंखी स्वेटर, गालावर गावातल्या उन्हाचा तांबूसपणा. प्रियदर्शनीनं पिशवी खाली ठेवली आणि तिला उचलायला धावणार तेवढ्यात साळूबाई ओरडली, "थांब, थांब! हात लावू नको. सोडा पोरीला मधी. बघू तरी कुणाकडं जाती, आईकडं का आजीकडं!" बायकांनी सुपं बाजूला सारली. हसणं सुरू झालं. हा खेळ प्रत्येक घरात चालतो. तिच्या लहानपणीही चालला असेल, कुणाला त्यात काही वाटत नाही. साळूबाईनं अक्षताला बखोटीला धरून अंगणाच्या मध्यावर नेऊन उभं केलं. एका बाजूला प्रियदर्शनी, गुडघ्यांवर. दुसऱ्या बाजूला ओट्याशी उषाबाई. "बोलवा की दोघीबी!" प्रियदर्शनीला नको म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "अक्षू, ये. ये गं, मम्मी आलीय." स्वतःचा आवाज तिला फोनमधून आल्यासारखा वाटला. पोरीनं तिच्याकडं बघितलं. पूर्ण, स्वच्छ, पाहुण्याकडं बघतात तसं. हसलीसुद्धा थोडी. उषाबाईंनी हाक मारली नाही. त्या हातातल्या हरभऱ्याच्या घाट्याकडं बघत होत्या, मान खाली घालून, आणि तो घाटा केव्हाचाच सोलून झाला होता. आणि अक्षता वळली, तुरुतुरु गेली आणि त्यांच्या मांडीत तोंड घालून उभी राहिली.

"जिंकली उषाबाई!" साळूबाईनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

"जा गं," उषाबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीचे हात लुगड्यावरून सोडवायला घेतले. "जा मम्मीकडं. ती बघ, लांबून आली." एक बोट सोडवलं की दुसरं आवळायचं. त्यांनी शेवटी तिला उचललं, अंगण ओलांडून आणलं आणि प्रियदर्शनीच्या हातात दिलं. आणि अक्षता रडली. जे रडणं ऐकायला प्रियदर्शनी त्या दिवशी तुरीच्या काडाशी उभी राहणार होती तेच, श्वास अडकणारं, मागं वाकून सगळं अंग धनुष्य करणारं. तिला ते दोन्ही हातांत धरावं लागलं. तिच्या हनुवटीवर पोरीची टाच लागली.

बायका उठून गेल्या. उषाबाई घरात जाऊन झबली, टोपरं, तेलाची बाटली एका फडक्यात बांधायला लागल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं त्यांना.

"आत्या, मी काही... संक्रांतीपर्यंत म्हटलं होतं मी."

"आजच घिऊन जा." त्या गाठ मारत होत्या. "आज न्हेली तर ती रडंल. संक्रांतीला न्हेली तर मला धरायला चार माणसं लागतील." मग तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "तू लई बारीक झाली. खाती का न्हाई काही?"

स्टँडवर त्या आल्या. बसच्या दारात पोरीला वर दिलं, गाठोडं दिलं आणि लगेच पाठ फिरवून चालायला लागल्या, जल्दी जल्दी, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा पुढं ओढत. अक्षता काचेवर दोन्ही तळवे आपटत होती. आज्जी, आज्जी. गाव संपलं, हरभऱ्याची रानं लागली, तरी तेच. सगळी बस मागं वळून बघत होती. तिकीट काढता काढता कंडक्टर थांबला. पोरीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पुन्हा पोरीकडं. दिवस तसे होते. पोरं पळवण्याचे मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते.

"ताई, लेकरू कुणाचं हाय?"

"माझं."

"आज्जी आज्जी करून राह्यलंय ते."

"आजीपाशी होती. माझीच आहे."

पुढच्या सीटवरची बाई पाठीवरून वाकली, गोड आवाज काढून म्हणाली, "बाळा, कोण हाय गं ही? सांग बरं, कोण हाय?" कंडक्टरही वाकला. अक्षता एकदम थांबली. हुंदक्यानं हलत, नाक वाहत, ती त्या दोन अनोळखी तोंडांकडं बघायला लागली. आता ती प्रियदर्शनीकडं बघणार होती.

"तिला नका विचारू," प्रियदर्शनी म्हणाली.

ती इतक्या शांतपणे म्हणाली की कंडक्टरनं निमूट तिकीट फाडलं आणि पुढं गेला. बाई सरळ बसली. अक्षतानं तोंड फिरवलं आणि तिच्या मानेत खुपसलं. भीतीनं खुपसलं की आणखी कशानं, हे बघायला प्रियदर्शनीनं मान वळवली नाही. रडू पुन्हा सुरू झालं, आता बारीक, दमलेलं, मधेच तोच एक शब्द. आजीसाठी रडायलाही पोरीला त्या बसमध्ये तिचाच खांदा होता. तो ओला होत गेला. रस्ता खराब होता, बस हादरत होती, आणि खांदा जराही हलू नये म्हणून ती पाय घट्ट रोवून बसून राहिली.